खालून आलेली हाक

आमच्या अलाबामातलं हे राजवाड्यासारखं थिएटर. लहानपणी सिनेमाला आलो की आम्हा काळ्यांना बाजूच्या जिन्यानं पार वरच्या सज्जात पाठवायचे. आता त्याचं कलामंदिर झालंय. त्यात पहिल्याच रविवारी दुपारी आमच्या चर्चचं प्रवचन! मी ऑर्गनवर. जुन्या काळचा तो ऑर्गन, वाजवणाऱ्याला घेऊन लाकडी पाटासकट रंगमंचापुढच्या खड्ड्यातून वर येतो, पाटासकट खाली जातो.

"सिस्टर अर्नेस्टीन, थेट स्वर्गात सोडू का?" पाटाची कळ दाबणारा रूफस म्हणाला. आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायका सिस्टर.

"पाट कुरकुरतोय बघ. माझ्या नवऱ्यासारखाच."

नवरा, अल्वेस्टर, पहिल्या रांगेत बसलाय असं मी धरून चालले होते. ती कुरकुर ऐकून तो तेलाचा डबा घेऊन पाटाखाली शिरलाय, हे मला कुठे ठाऊक!

रेव्हरंड पेटिग्रूंनी बायबलातली, माशानं गिळलेल्या योनाची कथा लावली. बोलता बोलता त्यांचा शब्द गाऊ लागला. त्यांची ओळ संपली की माझा ऑर्गन उत्तर देणार, मग लोक देणार. असं ऐकताना मी जगाला विसरते.

"योना माशाच्या पोटात!"

"आमेन!"

"खोल खोल जातोय!"

ठरल्याप्रमाणे रूफसनं कळ दाबली. ऑर्गन हळूहळू खाली निघाला.

"देवा, दया कर!" खालून कुणी ओरडलं.

"हो, दया कर!" सगळं सभागृह उभं राहिलं.

"अरे थांबा! देवा!"

"मार हाक, भाऊ! अजून मार!" सज्जातून टाळ्या कडाडल्या.

आणि मी? मीही सूर धरून त्या हाकेला उत्तर वाजवलं. देवा, क्षमा कर.

तिसरी हाक तालाबाहेर आली. आवाज ओळखीचा होता. अल्वेस्टर भांडतानासुद्धा ताल सोडत नाही.

एकतीस वर्षांत रंगल्या प्रवचनात माझे हात कधी थांबले नव्हते. ते मी उचलले.

"रूफस, कळ सोड! खाली माणूस आहे!"

पाट थांबला. खालून काही आवाज नाही. मी वाकून फळीला कान लावला. येशू, येशू, येशू.

मग फळीवर टकटक झाली. तालात.

"अर्नी," दबलेला आवाज आला, "नाक फळीला टेकलंय गं माझं. वाजव हवं तेवढं. पण आधी वर जा."