ओढ्याच्या वळणावरचं कडू झुडूप

आयसिल्डाबाई तीस वर्षं पोर्ट अँटोनियोच्या बाजारात सुसुंबा विकत होत्या. सुसुंबा म्हणजे काटेरी झुडपाला घोसानं लागणारं वाटाण्याएवढं रानवांगं. अंगात रक्त कमी असलेल्या बायका त्यांच्याकडूनच नेत, कारण बाई प्रत्येक झुडपाचं एक फळ आधी चावत, थुंकत आणि मगच बाकीची तोडत.

या मागासलेल्या पद्धतीचा उद्धार करायला किंग्स्टनहून वनस्पतिशास्त्राचे डॉक्टर लेबर्ट पिनॉक आले. पांढरे बूट घालून डोंगर चढले आणि सतरा झुडपांना नंबर बांधून मोकळे झाले.

"अकरा नंबर सोडा," बाई म्हणाल्या. "ओढ्याच्या वळणावरचं ते झुडूप कडूजहर आहे. ते खाऊन आमचे दीर दोन दिवस भिंत धरून चालत होते."

"दीर रम घेत असतील, मावशी."

"घेतात की! पण रमनं त्यांना एका बायकोच्या दोन कधी दिसल्या नाहीत. एकीलाच कंटाळलेत ते."

"अहो, जात एकच. मग गुणही एकच."

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये डॉक्टरांनी रानवांग्याच्या औषधी गुणांवर व्याख्यान ठेवलं. सतराही झुडपांची फळं खारवलेल्या माशाबरोबर एकाच पातेल्यात शिजली. बाईंनी आधी चाखू का विचारलं, तर स्वच्छतेचं कारण निघालं. त्यांनी शेजारणींना डोळ्यांनीच दटावलं. मग सगळ्यांनाच एकाएकी पाहुण्यांबद्दल आदर दाटून आला. आधी डॉक्टरांनी जेवावं! डॉक्टर दोन ताटं जेवले.

अर्ध्या तासानं, व्याख्यानात "लोह" म्हणताना त्यांची जीभ अडकली. "लो... लो..." पुढच्या बाकावरून कुणीतरी "हालेलुया!" म्हणालं. पाद्रीबाबांचा चेहरा पडला. त्यांच्या प्रवचनाला इतकी दाद कधी मिळाली नव्हती. डॉक्टर मग रिकाम्या खुर्चीला समजावू लागले.

बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी डॉक्टरांपुढे तीन बोटं धरली. "किती?"

"सहा."

पाद्रीबाबांच्या गाडीतून डॉक्टरांना दवाखान्यात नेलं. बाई बाहेर बाकावर बसून राहिल्या. माणूस जगेल ना, ही धास्ती होतीच. शिवाय सुसुंब्याचं नाव खराब झालं तर बाजारात कोण विचारणार?

डॉक्टर दोन दिवसांत सावरले आणि महिन्याभरानं टोपी हातात घेऊन दारात आले.

"अकरा नंबरमध्ये विषारी अल्कलॉइड इतरांच्या कितीतरी पट निघालं, मावशी. तुमचं बरोबर होतं."

"हे सांगायला यंत्र केवढं लागलं?"

"खोलीभर."

"अरे वा. माझं तोंडात मावतं."

आता डॉक्टरांना सबंध खोऱ्यातली झुडपं तपासायची होती, आधी बाईंनी चाखून. शोधनिबंधात बाईंचा उल्लेख ते 'स्थानिक मदत' असा करणार होते.

"मदतीला नाव नसतं का?"

"नियमानं ज्यांना पदवी..."

"मग पदवीनंच चावा." बाईंनी टोपली उचलली.

डॉक्टर उंबऱ्यावर बसले. वही काढली, काहीतरी खोडलं आणि हळूच विचारलं, "संपूर्ण नाव?"

बाईंनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मग वही ओढून घेतली, वाचली आणि चुकलेलं आडनाव पुन्हा लिहायला लावलं.