एक भुवई वर असलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे आणि मला एका जागी उभं राहवत नाही. आत्ता तुमच्याशी बोलतानासुद्धा माझी चाकं शिवशिवताहेत. पण माझं नशीब असं, की आयुष्याचा मोठा भाग मी उभ्यानेच काढला. कधी भिंतीला लागून, कधी गवताच्या पेंढ्यांमागे, तर कधी माझ्याभोवती माना हलवत फिरणाऱ्या लोकांच्या मध्ये.

माझा जन्म इटलीतल्या तुरीन शहरातला. नदीच्या पलीकडे ओलिवेरो नावाच्या मालकांचं गाड्यांना पत्र्याचं अंग घडवणारं छोटंसं वर्कशॉप होतं. एका मोठ्या कारखान्याने त्यांना सांगितलं, नव्या गाडीचा एक नमुना करून द्या, प्रदर्शनात मांडू, लोकांना आवडला तर तशा हजारो काढू. तो नमुना म्हणजे मी. माझ्यासारखी दुसरी कधी झालीच नाही, त्यामुळे मला ना बहीण, ना भाऊ.

माझा पत्रा दोघांनी ठोकला. डावी बाजू एवाझिओने आणि उजवी सेकोंदोने. लाकडी साच्यावर पत्रा ठेवायचा आणि हातोडीने हळूहळू त्याला गोलाई आणायची, असं ते काम. दोघेही त्यात वाघ होते. त्या वर्कशॉपमध्ये एक रीत होती. काम संपलं की हात धुण्याआधी दोघांनी बाजू बदलायच्या, डोळे मिटायचे आणि दुसऱ्याने केलेल्या पत्र्यावरून तळवा फिरवायचा. डोळा फसतो, तळवा फसत नाही, असं ते म्हणत. कुठे उंच लागलं, खोल लागलं, की तिथल्या तिथे सांगायचं. मग दोघांनी मिळून वाइन प्यायला जायचं.

पण मी घडत होते त्याच हिवाळ्यात दोघांचं बिनसलं. कशावरून? तर बोच्चेवरून. म्हणजे गोळे टाकायचा खेळ, ज्याचा गोळा छोट्या गोळीच्या जास्त जवळ तो जिंकला. सेकोंदो म्हणाला, एवाझिओने मापताना बुटाने गोळी सरकवली. एवाझिओ म्हणाला, सेकोंदोला चष्मा लागलाय. खेळाच्या अख्ख्या क्लबसमोर दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या आणि त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. बोलणं बंद म्हणून बाजू बदलणंही बंद. एक डावीकडे ठोकत होता, दुसरा उजवीकडे, आणि मध्ये मी. मला सारखं वाटायचं, अरे, कोणीतरी एकदा इकडून तिकडे या! पण पत्र्याचं कोण ऐकतं?

रंग चढला आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ओलिवेरो मालक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बघतात तर माझ्या डाव्या दिव्यावरची भुवई, म्हणजे पत्र्याची गोल कड, उजवीपेक्षा अंगठाभर वर!

"अरे आंधळ्यांनो!" मालक ओरडले. "हिचा एक डोळा झोपलाय आणि दुसरा भांडायला उठलाय! कोणाचं चुकलं?"

"त्याला विचारा, साहेब," एवाझिओ म्हणाला.

"त्यालाच विचारा, साहेब," सेकोंदो म्हणाला.

केसभर अंतरावरून भांडलेल्या माणसांनी माझ्या तोंडावर अंगठाभर फरक करून ठेवला होता. आता वेळ कुठे होता? मालकांनी डोकं चालवलं. "हिची डावी बाजू भिंतीला लावा. कोणी विचारलंच तर सांगा, जागा कमी पडली."

म्हणून प्रदर्शनात मी भिंतीला चिकटून उभी राहिले. लोक उजवीकडून आले, उजवीकडून वाहवा केली, फोटोही उजवीकडूनच काढले. मला बाहेर रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकू येत होते आणि मी आतल्या आत तडफडत होते.

मला कारखान्याने पसंत केलं नाही. नमुना मोडून टाका, असा निरोप आला. मालकांनी ते काम सेकोंदोवर टाकलं. सेकोंदो म्हणाला, "उद्या मोडतो." मग मला घेऊन तो टेकड्यांमधल्या आपल्या गावी गेला आणि तो उद्या काही उजाडला नाही. मालकांनीही थोडे दिवस रागावल्यासारखं केलं आणि मग गुपचूप कागदावर सही करून मला त्याच्या नावावर केलं.

ते माझे पळण्याचे दिवस होते! द्राक्षांच्या मळ्यांमधल्या वळणांवरून मी धावले. चेस्टनटची पोती वाहिली, सेकोंदोची मुलगी देल्फिना माझ्यावरच गाडी शिकली आणि लग्नालाही माझ्यातूनच गेली. गावकरी चिडवायचे, "सेकोंदो, तुझी गाडी बायकांना डोळा मारते बघ!" सेकोंदो हसायचा नाही. डाव्या बाजूबद्दल देल्फिनाने विचारलं, की म्हणायचा, "ती बाजू माझी नाही," आणि विषय संपवायचा.

सेकोंदो गेला आणि माझं पळणं थांबलं. देल्फिना अधूनमधून मला गावात एक चक्कर मारून आणायची, बाकी वेळ मी गोठ्यात. माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मित्रांनो, ज्याला धावायचंय त्याला अंडी उबवायला बसवणं, ह्यासारखी शिक्षा नाही.

मग देल्फिनाही थकली. तुरीनला मुलाच्या, म्हणजे लोरिसच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या घरी राहायला जायचं ठरलं. मी काही जिना चढणारी नव्हे. म्हणून मला विकायचं ठरलं आणि मिलानच्या एका शौकीन गृहस्थांनी मला बघायला लिविया नावाच्या जाणकार बाईंना पाठवलं. मी खरोखर तोच नमुना आहे की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं.

लिवियाबाईंनी प्रदर्शनाचे जुने फोटो आणले होते. उजवी बाजू त्यांनी फोटोशी ताडून पाहिली आणि त्या खूश झाल्या. डावीकडे आल्या आणि थबकल्या. मग जमिनीवर पाठ टेकून माझ्या मडगार्डच्या आत टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिल्या.

"पत्रा जुना आहे, जोडही जुने आहेत," उठून कपडे झटकत त्या म्हणाल्या. "पण दोन बाजू दोन गाड्यांच्या वाटतात. असं का, हे सांगणारं कोणी मिळालं नाही, तर मला लिहावं लागेल की ही जोडलेली गाडी आहे."

ही बातमी गावात पोचायला कितीसा वेळ? दुसऱ्या दिवशी बेकरीत कुजबुज, सेकोंदोने म्हणे भंगारातून गाडी जोडली आणि जन्मभर नमुना म्हणून मिरवली. देल्फिना पाव न घेताच घरी आली.

"आई, उगाच रडू नकोस," लोरिस म्हणाला. "डेंटिंगवाला बोलावतो. डावी भुवई ठोकून उजवीसारखी करून टाकू. आणि ह्या बाईंना पटलं नाही तर दुसरा जाणकार बघू."

माझा पत्रा आत आकसला. एका दुपारचं काम, आणि माझी अर्धी ओळख पुसली जाणार होती. पळून जावंसं वाटलं, पण माझी किल्ली खुंटीवर होती.

"थांब," देल्फिना म्हणाली. "एक माणूस आहे. पण त्याच्या दारात पाऊल टाकलं तर बाबा थडग्यातून उठून बसतील."

ती गेली. नव्वदीला टेकलेल्या एवाझिओला ती घेऊन आली, तेव्हा तो गुरगुरतच गोठ्यात शिरला. "त्या आंधळ्याची पोरगी म्हणून नाही आलो. माझं काम बघायला आलो."

"बघा, काका. सावकाश बघा."

त्याने माझ्या डाव्या भुवईवर हात ठेवला. लिवियाबाईही आल्या होत्या. त्यांनी फोटोंचं विचारलं, तसं त्याने भिंतीचं सगळं सांगून टाकलं, मालकांच्या ओरडण्यासकट. बाईंना हसू आवरेना. "अहो, म्हणून एकाही फोटोत डावी बाजू नाही!" त्यांचं कोडं सुटलं.

पण एवाझिओचं लक्ष दुसरीकडेच होतं. "पोरी, ही गाडी तुझ्या बापाकडे किती वर्षं होती?"

"ते होते तोवर."

"त्याच्याकडे हातोडी होती. हे दोन दिवसांचं काम. त्याने ही भुवई कधी खाली घेतली नाही?"

"नाही. एकदा ट्रकने डावं दार चेपलं, ते त्यांनी सरळ केलं. भुवईला हात लावला नाही. मी म्हटलं, आता करूनच टाका. तर म्हणाले, दुसऱ्याच्या कामाला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो."

माझ्या बॉनेटचा आधार घेत घेत एवाझिओ उजवीकडे आला. त्याने डोळे मिटले आणि सेकोंदोच्या पत्र्यावरून तळवा फिरवला, दिव्यापासून दारापर्यंत आणि परत.

"ह्याचं बरोबर होतं," तो म्हणाला. "वर माझंच गेलं. आणि गोळीपण मीच सरकवली होती."

देल्फिना रडायला लागली. लोरिसने डेंटिंगवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

सौदा झाला. लिवियाबाईंनी लिहून दिलं, की मी तोच एकुलता एक नमुना आहे आणि माझ्या दोन बाजू दोन कारागिरांच्या आहेत. मिलानच्या गृहस्थांनी वचन दिलं, की मला काचेआड ठेवणार नाहीत, चालवतील, आणि भुवईला हात लावणार नाहीत. ते दिलेला शब्द पाळताहेत. तरी दोन दिवस गॅरेजात काढले, की मी बेचैन होतेच.

पण त्यांचा ट्रक मला न्यायला येण्याआधी देल्फिनाने खुंटीवरची किल्ली घेतली आणि एवाझिओला शेजारी बसवून मला गावाबाहेर नेलं. कबरस्तानाच्या फाटकाशी तिने इंजिन बंद केलं. एवाझिओ एकटाच आत गेला. एरवी मी थांबले की लगेच निघायची घाई असते मला. त्या दिवशी मात्र जागचं हलावंसं वाटलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूत काही वाकडं दिसलं, तर ते सरळ करण्याआधी ते कोणाच्या हातचं आहे एवढं विचारा. आणि ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे, त्याच्या बाजूला एकदा जाऊन या, आजच जाऊन या. फाटकातून मला एवाझिओ दिसत होता. सांगायचं ते त्याने सांगून टाकलं होतं. तरी टोपी हातात धरून तो तसाच उभा होता, सेकोंदो काय म्हणतो त्याची वाट बघत.