उलटी भरलेली रांग

"ही रांग कुणी भरली गं?" मालक ओरडला, तशा पाचही बायका हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या.

रोपवाटिकेत दिवसभर एकच काम. रानटी रोपाच्या सालीला चीर द्यायची, संत्र्याच्या फांदीवरचा कोंब फुटायचा डोळा सालीसकट काढून आत सरकवायचा, वरून पट्टी आवळायची. डोळ्याचा देठ खाली राहिला पाहिजे, हे काल कामाला लागलेल्या पोरीलाही कळतं. आणि इथं अख्ख्या रांगेत देठ वर! सगळे डोळे शीर्षासन करून बसलेले.

पट्टीची गाठ प्रत्येकीची वेगळी असायची, चुकलं तर कुणी अंग काढून घेऊ नये म्हणून. मालक गाठ बघायला वाकला, त्याच्या आधीच थोरली म्हणाली, "माझी आहे."

थोरली तिथली सगळ्यात जुनी. वीस वर्षं झाली; तिच्या हातचा डोळा सहसा मरायचा नाही. मालकाला रागवावं की हसावं कळेना.

"तू? झोपेत भरलेस की काय?"

"जागीच होते. पण लक्ष नव्हतं."

"मग कुठं होतं?"

तिनं पहिल्या रोपाची गाठ सोडवायला घेतली. चारचौघींत शरम वाटायला हवी होती, ती वाटेना. पाच वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा जे रडून झालं ते झालं. मग काही वाटायचंच बंद झालं. चार घास गिळायचे, कामावर यायचं, अंधार पडायच्या आत घरी. घाण्याचा बैलसुद्धा मधूनच मान हलवतो, हिचं तेवढंही नाही.

चार दिवसांपूर्वी ब्रेकमामा घरी येऊन गेला होता. हा निवृत्त ड्रायव्हर. जन्मभर गाडी इतकी हळू चालवली की नावच पडलं. टेकडीखाली त्यानं रान घेतलं होतं. एक विहीर, पिशव्यांत वाढवलेली रानटी रोपं आणि बाकी नुसते धोंडे.

"तू माझ्याकडं ये," तो म्हणाला. "मजुरी द्यायला माझ्याजवळ काही नाही. जगलेली कलमं निम्मी तुझी. पाणी माझं, हात तुझे."

"आणि मेली तर?" सासूनं चुलीपासून विचारलं.

"मेली तर दोघंही हात हलवत घरी."

"बघितलंस? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला सांगतोय मेला."

परवा थोरलीनं त्याला नाही म्हणून कळवलं. हो म्हटलं असतं तर विचार करावा लागला असता. नाही म्हणणं सोपं पडलं. आणि दुसऱ्याच दिवशी तिनं ही रांग भरली.

आता ती खाली बसून एकेक पट्टी सोडवत होती. आतले डोळे सुकत चालले होते. आणखी दहा-बारा वर्षं हे हात चालतील, तिच्या मनात आलं. ती वर्षंही या रांगेसारखीच भरायची?

"जाऊ दे," मालक नरमला. "होतं एखाद्या वेळी. उद्या परत भर." माणूस भला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उद्यापासून मी येत नाही, मालक."

"रुसलीस?"

"नाही. ब्रेकमामाच्या रानात जाते."

"त्या धोंड्यांत? अगं, तिथं गवतसुद्धा दहादा विचार करून उगवतं! तुझ्या जागी दुसरी आली की परत घेणार नाही, आधीच सांगतो."

"बरं," ती म्हणाली, आणि राहिलेल्या पट्ट्या सोडवून मगच उठली.

घरी सासूनं तोंडाचा पट्टा सोडला. वेड लागलंय, डोकं फिरलंय, म्हातारपणी मला उपाशी मारणार, सगळं झालं. थोरलीनं ऐकून घेतलं आणि सकाळी चाकू घेऊन टेकडीची वाट धरली.

संध्याकाळी ती परतली तर सासू दारातच बसलेली.

"किती भरलेस?"

"चाळीस."

"चाळीसच? रोज दोनशे भरणारी तू!"

"एकेक डोळा दोनदा बघितला."

"का?"

"भीती वाटते, आत्याबाई. सगळी मेली तर काय करायचं, हेच सकाळपासून डोक्यात आहे."

सासू पाण्याचा तांब्या पुढं सरकवत म्हणाली, "बरं झालं बाई. मला वाटलं होतं, माझ्या पोराबरोबर तूही गेलीस."