माशाची बादली

मी एक जुनी निळी बादली आहे. दातांच्या दवाखान्यात, मागच्या मोरीत, नळाच्या डाव्या हाताला माझी जागा. दवाखाना डॉक्टर नवरा-बायकोचा. बाहेरच्या बाकांसमोर त्यांनी खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवली होती. आत जिवंत प्रवाळ आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला एकच मासा. त्याच्याकडे बघता बघता पेशंट आपली दाढ विसरायचे. तेवढीच भूल फुकट.

मित्रांनो, मला दुकानातून आणलं त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटावर लिहिलं, 'फक्त माशासाठी'. साबण नाही, फिनेल नाही. बाकीच्या बादल्या रोज फरशी पुसून दमून यायच्या आणि एकमेकींत बसायच्या. मी आपली कोरडी, एकटी. मान मोठा, पण बोलायला कुणी नाही.

मग पेटीच्या कोपऱ्यातली सांध पाझरू लागली. प्रवाळ टबात गेले आणि मासा माझ्यात आला. त्याच्यासोबत बुडबुडे सोडणारी नळी, पाणी कोमट ठेवणारी कांडी आणि त्याने उडी मारू नये म्हणून वर जाळी. माझा पहिला पाहुणा! तो माझ्या अंगाला तोंड लावत फिरायचा आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

डॉक्टरसाहेब मोठ्या हौसेने सांध बुजवायला बसले. हातात बेसिनच्या कडेला लावून उरलेली सिलिकॉनची नळी.

"अगं, हे एकदम मस्त आहे. बुरशीसुद्धा धरत नाही!"

बाईंनी नळी फिरवून वाचली. "अहो, बुरशी धरत नाही ती कशाने? आत औषध आहे म्हणून. तेच पाण्यात उतरलं की मासा गेला. मत्स्यालयाचं आणा."

ते आणलं, लावलं. संध्याकाळी साहेबांनी बोटाने चाचपलं. "वाळलं की! सोडू त्याला?"

त्यांचं दातात भरायचं सिमेंट निळ्या दिव्याखाली बघता बघता घट्ट होतं. वाट बघायची सवयच नाही माणसाला.

"वास घ्या."

"आंबट येतोय जरासा."

"मग आतून ओलं आहे. पेशंटला दाढेने चावू नका म्हणून दम देता, आणि स्वतःला एवढाही धीर नाही? राहू दे त्याला बादलीत."

खरं सांगते, हे कधी वाळूच नये असं मला वाटत होतं. पण वास गेला, नवं पाणी भरून तपासलं आणि मासा सुखरूप घरी गेला. "बादलीने राखलं हो," बाई म्हणाल्या. माझ्या वाट्याचं कौतुक एवढंच. मी परत मोरीत.

पुढे दवाखान्याला रंग काढायला घेतला. रंगाऱ्याला ब्रश बुडवायला भांडं हवं होतं, रिकामी मीच दिसले. त्याने माझ्यात टर्पेंटाइन ओतलं. अक्षरांवर रंग सांडला. जाताना बिचाऱ्याने मला घासून लख्ख केलं.

काही महिन्यांनी पेटीतला प्रवाळाचा दगड कोसळला. तो पुट्टीने चिकटवायचा, म्हणजे तोवर मासा बाहेर हवा. साहेब मला घेऊन धावले. मी तर पाणी पडायच्या आधीच भरून आले होते. बाईंनी मात्र मला नाकाशी धरलं.

"काय ओतलं होतं हिच्यात?"

"स्वच्छ आहे गं, बघ की कशी चकाकतेय."

"चकाकू दे. प्लॅस्टिक आत धरून ठेवतं." आणि त्यांनी मला खाली ठेवलं.

नवी बादली आली. मी आता फरशीच्या कामाला असते. रोज राबते, सोबतीला ओलं फडकं असतं, पण माझ्यात वाकून कुणी बघत नाही. नवी माझ्या शेजारीच ठेवतात. मी तिच्याशी बोलायला जात नाही. माझा फिनेलचा वास तिला लागला तर?

मित्रांनो, घरी मासे असतील तर त्यांची बादली वेगळी ठेवा, आणि चिकटवलेलं पुरतं वाळेपर्यंत त्यांना तिच्यात सुखाने राहू द्या. घासूनपुसून चकाकणाऱ्या बादलीवर भरवसा ठेवू नका. उद्या मीच म्हणाले, मी आता स्वच्छ आहे, सोडा त्याला माझ्यात, तरी माझं ऐकू नका.