रिकाम्या भांड्याचं वय

दगड कधी खोटं बोलत नाही, असं डॉ. सुहार्ती जन्मभर विद्यार्थ्यांना ठणकावून सांगत आल्या होत्या. आज यंत्राच्या पडद्यावर रिकाम्या भांड्याचंही वय आलं आणि ते दगडाइतकंच प्राचीन निघालं.

भांड्यात दगडाचा कणसुद्धा नव्हता. प्रयोगशाळा स्वच्छ आहे ना, हे पडताळायला असं एक भांडं रिकामंच सगळ्या सोपस्कारांतून फिरवतात. बाईंनी ते पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. दगडाचं वय त्यातल्या शिशावरून काढतात. म्हणजे दगडातलं म्हणून जे शिसं मोजलं, ते दगडातलं नव्हतंच. आणि त्याच शिशाच्या जोरावर उद्या योग्यकार्ताच्या विद्यापीठात जाहीर होणार होतं, की जावाच्या तरण्या ज्वालामुखींखाली अब्जावधी वर्षांची भूमी दडली आहे. बाई हे वीस वर्षं म्हणत होत्या. लोक वीस वर्षं हसत होते.

शिशाची एक खोड असते. त्याच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण आपली खाण सांगून टाकतं. हे प्रमाण युरोपातल्या कुठल्याशा जुन्या खाणीचं होतं.

"इथे युरोपातलं मेलं काय शिरलं?" बाई पुटपुटल्या आणि उठताना पाठीत कळ आली.

कपडे बदलायच्या खोलीत भांडी धुणारी सार्मी, सगळ्यांची 'यू' म्हणजे ताई, मलमाची डबी उघडून बसलीच होती. "वारं शिरलंय अंगात, बू." बाईंना सगळे मानानं 'बू' म्हणत. "बसा, पाठ खरवडून देते." हातात डच अमलातलं काळपट नाणं. कित्येक महिने ती याच नाण्यानं बाईंची पाठ लाल करायची, त्याच बोटांनी हातमोजे ओढायची आणि आत भांडी धुवायला जायची.

बाई नाण्याकडे बघत राहिल्या. "यू, ते दे इकडे."

"ॲसिडात घालणार? माझ्या आजीचं आहे!"

"नुसता कापसाचा बोळा फिरवते गं."

"आजीनं दोन नवऱ्यांचं वारं उतरवलं यानं. आता तुम्ही त्याचं कुळ विचारा!"

संध्याकाळी कुळ कळलं. शिसं तंतोतंत तेच.

कुलगुरू विनार्नो, सगळ्यांचे 'पाक' म्हणजे साहेब, हे ऐकून आधी हसले, मग हसायचे थांबले. "बू, फलक लागलेत. गव्हर्नर येतायत. मेजवानीला पिवळ्या भाताचा डोंगर सांगून ठेवलाय."

"भात खाऊ या. घोषणा नको."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"अहो, निवृत्त होताय. इतिहासात जाऊन बसा की सुखानं!"

"डचांच्या नाण्यावर? तिथे आधीच गर्दी आहे, पाक."

भाताचं शिखर रिवाजाप्रमाणे गव्हर्नरांनीच कापलं. कशाबद्दल, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. दगड नव्यानं मोजायचा म्हणून बाई तेव्हा एकेक भांडं ॲसिडात उकळत होत्या. निवृत्तीनंतरही त्या रोज येत राहिल्या. पाठ दुखली की भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, खरवडू द्यायच्या नाहीत.

"मरायला तरी घरी जा, बू," यू सार्मी म्हणायची.

"आधी दगड पुरा होऊ दे."

पाऊसकाळ सरता सरता दगड पुरा झाला. या खेपेला मोजणीत कसलीच खोट नव्हती. दगड आजूबाजूच्या सगळ्या दगडांइतकाच कोवळा होता.