नकाराची लॉबी

पार्लमेंटमधलं माझं एक मत देऊन लॉबीबाहेर पडायला मला अकरा वर्षं लागली.

तिथे मत द्यायचं म्हणजे लॉबीच्या लांब दालनातून चालायचं, एवढंच. होकाराची लॉबी उजवीकडे, नकाराची डावीकडे. शेवटच्या दाराशी दोन सभासद डोकी मोजतात. पंधरा मिनिटांचं काम.

त्या दुपारी विधेयक होतं जुन्या कोळसाखाणींचं. छताखालचे लाकडी टेकू काढून पोलादी बसवायचे. मी क्रॅगथॉर्प या खाणगावचा; चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेला. धाकटा भाऊ सेथ अजून तिथेच खपत होता. याच टेकूंचं वचन देऊन मी निवडून आलो होतो.

आमच्या पक्षाचे प्रतोद मेजर फेनविक यांनी माझा दंड धरला.

"यंदा नको, हॉल्डन. सरकार अडचणीत येईल. पुढच्या वर्षी आपणच आणू. आणि हो, खाण खात्याला उपमंत्री हवाय."

मी डावीकडे वळलो.

पहिलं वर्ष कळलंच नाही. पायाखाली गालिचा, बाजूला पुस्तकांची कपाटं, समोर सभासदांच्या पाठी. दुसऱ्या वर्षापासून शिपाई मागून धावत येऊन टपाल देऊ लागला. बायको, हेस्टर, लिहायची, "तुम्ही अजून चालताय असं पेपरात आलंय. जेवणाचं काय करता?" चौथ्या वर्षी निवडणूक झाली. ती मी चालता चालता जिंकलो, आणि मताधिक्यही वाढलं. उपमंत्रिपदाच्या कागदावर पुढच्या माणसाची पाठ टेकायला घेऊन सही केली.

पाचव्या वर्षी छत डोक्याला लागेल इतकं खाली आलं. मेजरसाहेबांनी हॅट काढून हातात घेतली.

"जुनी इमारत आहे," ते म्हणाले.

कपाटं संपली होती. भिंत काळी आणि ओलसर लागत होती. मी बोटाच्या पेरानं छत ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला.

"हे छत खाली बसणार," मी म्हणालो.

"टेकू आहेत ना?"

"लाकडाचे आहेत."

"म्हणजे आहेत."

आम्ही वाकून चालू लागलो. आठव्या वर्षी डावीकडच्या एका कपारीत सेथ दिसला. कुशीवर पडून कोळसा फोडत होता. केस पिकले होते त्याचे.

"आमोस! त्या विधेयकाचं काय झालं रे?"

"विचार चालू आहे."

"बरं. जरा हात लाव. हा टेकू वाकलाय."

माझ्या मागे दीडशे सभासद होते. मेजरसाहेब माझ्या कानाशी लागले. "थांबलात तर रांग मोडेल."

"पुढच्या वर्षी, सेथ," मी म्हणालो.

लहानपणापासून त्याला माझं सगळं खरं वाटायचं. त्यानं मान डोलावली आणि स्वतःचा खांदा टेकूला लावला.

मी दहा पावलं गेलो असेन. मागून आवाज आला, मग धूळ आली आणि सगळ्यांच्या कॉलरांवर बसली. मी वळलो नाही. वळायला जागा होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढून कुणीतरी, सभागृहात भाषणाला दाद देतात तसं, "हिअर, हिअर" म्हणालं.

उरलेली तीन वर्षं आम्ही रांगत गेलो.

दार गुडघ्याएवढं होतं. मोजणाऱ्यानं माझ्या डोक्यावर बोट ठेवलं. "दोनशे सदतीस. बहुमत झालं, विधेयक नामंजूर." मेजरसाहेबांनी माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. "उत्तम कारकीर्द, हॉल्डन."

मी दारातून सरपटत बाहेर आलो. सभागृह नव्हतं. क्रॅगथॉर्पच्या खाणीचं तोंड होतं, लख्ख ऊन होतं, आणि गर्दी अडवायला बांधलेल्या दोरापलीकडे शाली पांघरलेल्या बायका आपापल्या माणसांची वाट पाहत उभ्या होत्या. सर्वांत पुढे हेस्टर होती, तिचा हात धरून सेथची बायको.

हेस्टर दोराखालून आली. तिनं माझी हनुवटी वर केली, एप्रनच्या टोकानं माझ्या तोंडावरची काजळी पुसली, आणि कोण आहे ते नीट पाहिलं. मग मला खांद्याला धरून हलकेच बाजूला केलं आणि ती माझ्या मागच्या अंधारात पाहू लागली.