दोन चालींचं चाक

मी सायकल बोलतेय, आणि साधीसुधी सायकल नव्हे. अंगानं पोलादी, वजनानं हलकी, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. नमनालाच घडाभर तेल नको हे मलाही कळतं, पण एवढं सांगितल्याशिवाय माझ्यानं पुढं बोलवत नाही.

माझे पहिले मालक राघवेंद्र, तुळजापूरच्या एका मास्तरांचे चिरंजीव. त्यांनी मला सोलापुरात घेतलं ते शर्यतींसाठी. बारीक रिमा, अंगठ्याएवढे टायर आणि मागच्या चाकावर लहानसं फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चकती. ही चकती लहान असली की पायडल जड लागतं, पण सायकल वाऱ्यासारखी पळते. मोठी असली की चढ सोपा जातो आणि वेग मात्र बेताचाच राहतो.

माझ्या मागच्या चाकाच्या दुसऱ्या बाजूलाही तशीच चकती बसवायला आटे होते. पण राघवेंद्रांच्या शर्यती सगळ्या सपाट रस्त्यावरच्या. त्यांना त्या बाजूची कधी गरजच पडली नाही. आटे रिकामे राहिले, त्यांत धूळ बसली.

पुढं राघवेंद्रांना नोकरी लागली, मग बायको आली, मग स्कूटर आली. मास्तरांच्या हाताखाली शिकलेला ज्ञानोबा एकदा घरी आला, तेव्हा त्यांनी मला त्याच्या हवाली केलं. ज्ञानोबाची वाडी जळकोटजवळच्या डोंगरावर. साल बहात्तरचं. पाऊस दडी मारून बसलेला, आणि खाली फाट्यावर दूध संघाची गाडी नुकतीच येऊ लागलेली. वाडीत राहिलेल्या थोड्याफार म्हशींचं दूध त्या गाडीपर्यंत पोचवायचं काम ज्ञानोबानं अंगावर घेतलं. गाडी कुणासाठी थांबत नसे. ती चुकली की उन्हात दूध नासलंच म्हणून समजा.

जळकोटात शिवलिंगअण्णांचं सायकलीचं दुकान होतं. मला पाहून अण्णा खूश झाले. त्यांनी मागं कॅरिअर बसवलं आणि ज्ञानोबाला म्हणाले, "चकती ल्हानच ऱ्हाऊ दे. दूध उतारानं येणार, पुढं सपाट रस्ता. गाडी तुझी वाट बघत थांबंल का? येताना तर कॅन रिकामाच."

ज्ञानोबाला पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? त्यात माझाच तोरा राहत होता.

पण कॅन रिकामा परत येणार नव्हता. वाडीची विहीर आटली होती. टँकरचं पाणी माणसांना जेमतेम पुरायचं. ज्ञानोबाची म्हैस चंद्री गाभण होती, आणि तिच्यासाठी फाट्यावरच्या हापशाचं पाणी आणावं लागेल, हे दुकानात आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दूध दिमाखात वेळेवर पोचलं. कॅन धुऊन त्यात पाणी भरलं आणि आम्ही परत निघालो. वाडीच्या वाटेवरच्या खिंडीचा चढ लागला तसं पायडल हलेना. ज्ञानोबा उभा राहून रेटू लागला. माझ्या बारीक चाकाच्या तारा एकामागून एक तुटल्या, चाकाला आऊट येऊन ते वाकडंतिकडं झालं आणि आम्ही तिघंही आडवे झालो, मी, ज्ञानोबा आणि कॅन. पाणी उताराकडं पळालं. इतकी शरम मला एकाही शर्यतीत वाटली नव्हती.

घरी चंद्रीनं कॅनला तोंड लावलं आणि ती तशीच उभी राहिली. ज्ञानोबा बायकोला म्हणाला, "सरू, उद्या हिला जनावरांच्या छावणीत न्यावं लागंल."

"एवढ्या लांब चालंल का ती? गाभ न्हाय टिकायचा," सरुबाई म्हणाली. "उद्याचा दिस थांबा. म्या येते तुमच्यासंगं."

दुसऱ्या दिवशी ज्ञानोबानं दूध डोक्यावरून नेलं. गाडी निघून गेली होती. तिथून दोघं नवराबायको मला ढकलत दुकानात आले. शिवलिंगअण्णांनी चाक पाहून मान हलवली. "मागं जाड रिम अन् जाड तारा घालतो. पर चकती एकच बसंल. मोठी घातली तर दुधाची गाडी हुकंल, ल्हान ठेवली तर पाणी वर चढायचं न्हाय. काय पायजे ते बोला."

सरुबाई माझ्याकडं बघत म्हणाली, "अण्णा, मोटेचा बैल उतरताना वजन वढतो, पर माघारी तरी रिकामा येतो. हिला दोन्हीकडनं भरून पळायचंय. हिला चाली पण दोन पायजेत."

अण्णा हसले. "अगं, बैल न्हाय ती." आणि हसता हसताच त्यांची नजर माझ्या चाकाच्या दुसऱ्या बाजूला गेली. त्यांनी तिथली धूळ फडक्यानं पुसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आटे दिसताच ते कपाळावर हात मारून म्हणाले, "क्यारेज बसवताना हितंच हात लावला की म्या."

त्या दिवशी मला मागं जाड चाक मिळालं, मधला आट्यांचा भाग तेवढा जुनाच. एका बाजूला लहान चकती, दुसऱ्या बाजूला मोठी. पुढचं चाक जुनंच राहिलं, बारीक. पुढून हरिणी, मागून म्हैस, असं माझं रूप झालं. मी आधी थोडी रुसले, मग खिंड एका दमात चढले आणि रुसवा तिथंच सोडला.

रोज सकाळी लहान चकतीवर दूध घेऊन निघायचं. फाट्यावर ज्ञानोबा पान्यानं नट सोडायचा, चाक उलटं बसवायचा, चेन चढवायचा आणि पाणी घेऊन वर. लहान चकती म्हणजे निघणं, मोठी चकती म्हणजे घर. चंद्री माझी खडखड ओळखायला लागली. मी खिंडीत असतानाच ती ओरडायची. दुष्काळ सरायच्या आत ती व्याली, रेडी झाली, आणि सरुबाईनं पहिला खरवस शिवलिंगअण्णांकडं माझ्याच कॅरिअरवरून धाडला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. परवा राघवेंद्र आले होते, केस पांढरे झालेले. मला पाहून त्यांचे डोळे भरले. मग मागच्या चाकाकडं लक्ष गेलं.

"हिची काय दशा केलीस रे? मी घेऊन जातो हिला. पहिल्यासारखी बारीक चाकं घालीन, दिवाणखान्यात ठेवीन."

ज्ञानोबाचे गुडघे आता गेलेत, तो मला चालवत नाही. देणाऱ्याला नाही कसं म्हणावं, म्हणून तो माझ्या हँडलवरची धूळ पुसू लागला.

सरुबाई गोठ्यातून म्हणाली, "न्या की दादा, तुमचीच हाय. पर आधी हिकडं या." तिनं त्यांना दावणीच्या तीन म्हशी दाखवल्या. "ह्या चंद्रीच्या नाती. हिच्या दोन चकत्यांवर जगल्यात." आणि तिनं सगळी हकीकत सांगितली.

राघवेंद्र माझ्याजवळ खाली बसले. त्यांनी चाकाच्या त्या दुसऱ्या बाजूवरून बोट फिरवलं. "ही बाजू मी कधी वापरलीच नाही," ते म्हणाले. मग चहा घेतला आणि रिकाम्या हातानं गेले.

मी गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे. चेनला अधूनमधून तेल घाला, बाकी काही मागणं नाही. मात्र चाक उलटवू नका. ज्ञानोबा मला घेऊन फाट्यावरून शेवटचा घरी आला, तेव्हापासून ते मोठ्या चकतीवरच आहे.